अडकलेली बेझल: आधी ती कशाने धरली आहे ते पाहा

प्रश्न असा आहे: डायव्हर घड्याळाची फिरती बेझल, म्हणजे काचेभोवतीची आकड्यांची कडी, हळूहळू घट्ट होत गेली आणि आता जवळजवळ अडकली आहे. मालवणला डायव्हिंगसाठी घड्याळ पाण्यात वापरलं होतं. ही बेझल आत कशी बसवलेली असते, घरच्या घरी काढता येते का, आणि काढलीच तर तिच्यावरची जुनी ॲल्युमिनियमची आकड्यांची पट्टी बदलून सिरॅमिकची बसवता येईल का?

घट्ट झालेली बेझल बहुतेक वेळा काढावी लागतच नाही. काढायचीच असेल तर पातं हातात घेण्याआधी ती केसवर, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या बाहेरच्या सांगाड्यावर, कशाने धरून ठेवली आहे, हे कळलं पाहिजे. काचेची कड टवकते, लगवर, म्हणजे पट्टा जोडायच्या केसच्या टोकांवर, चरे उमटतात, टाचणीच्या टोकाएवढी स्प्रिंग उडून फरशीवर हरवते, ते सगळं एवढं न पाहता जोर लावल्यामुळेच.

बेझलचं काम सोपं आहे. पाण्यात उतरताना तिच्यावरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा. नंतर मिनिटकाटा बेझलवरच्या ज्या आकड्यासमोर येईल, तितकी मिनिटं पाण्याखाली झाली. १९५३ साली ब्लँकपेनचं फिफ्टी फॅदम्स फ्रेंच लष्करातल्या डायव्हर जवानांच्या गरजेतून घडलं, तेव्हाच बेझल चुकून फिरू नये म्हणून ती दाबल्याशिवाय न फिरण्याची सोय केली होती. त्याच वर्षीच्या रोलेक्स सबमरीनरची बेझल मात्र दोन्ही बाजूंना फिरायची, नुसत्या घर्षणावर. एका दिशेच्या खटक्याची बेझल पुढे रुळली. ती फक्त काट्यांच्या उलट फिरते. बोटीच्या कठड्यावर आपटून सरकलीच, तर त्रिकोण मागे जातो आणि झालेला वेळ आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. डायव्हर लवकर वर येतो, एवढंच. दुसऱ्या दिशेला सरकली असती तर वेळ कमी दिसला असता. पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात ३० मीटर खोलीवर थांबायची मर्यादा २० मिनिटांची आहे. तिथे पाच मिनिटांची चूक म्हणजे पाव हिस्सा. आयएसओ ६४२५ हे डायव्हर घड्याळांचं मानक चुकून फिरण्यापासून संरक्षण मागतं, ते यासाठीच. आज डायव्हर मनगटावर कॉम्प्युटर बांधतो हे खरं, पण बेझलची रचना अजून त्याच हिशोबाची आहे.

आता आत काय असतं ते. बेझल म्हणजे एक धातूची कडी, तिच्या वरच्या खाचेत आकड्यांची पट्टी, म्हणजे इन्सर्ट. कडीच्या पोटाला बारीक दाते कापलेले असतात, एका बाजूला उतरते आणि दुसऱ्या बाजूला उभे. खाली केसवर एक स्प्रिंग असते. कधी ती पातळ पत्र्याची पूर्ण रिंग असते आणि तिची दोन, तीन किंवा चार जिभा वर वळवलेल्या असतात. कधी केसमधल्या छोट्या भोकात बसवलेला स्प्रिंगवरचा खिळा किंवा छर्रा असतो. कधी नुसती वाकवलेली तार. उतरत्या बाजूने फिरवलं की जीभ दात्यावरून घसरत पुढच्या खाचेत पडते, तोच आपल्याला ऐकू येणारा खटका. उलट फिरवलं की जीभ उभ्या बाजूला अडते.

६० खटक्यांच्या बेझलला एक खटका ६ अंशांचा, म्हणजे एका मिनिटाचा. १२० खटक्यांची असेल तर ३ अंश, अर्धं मिनिट. ४० मिलिमीटर व्यासाच्या बेझलचा घेर साधारण १२५.७ मिलिमीटर भरतो, म्हणजे कडेवर एक मिनिट फक्त २.१ मिलिमीटरचं आणि अर्धं मिनिट जेमतेम एका मिलिमीटरचं. हे आकडे लक्षात ठेवा, इन्सर्ट चिकटवताना लागतील. एक अंशाची चूक कडेवर ०.३५ मिलिमीटर दिसते. कागदावर ती किरकोळ वाटते, पण मनगटावर त्रिकोण बाराच्या खुणेच्या बाजूला बसलेला सरळ डोळ्यांत येतो.

अडकते का, तर बेझल आणि केस यांच्यामधली फट कधीच पूर्ण बंद नसते. ती बंद करण्याची गरजही नसते, कारण पाणी अडवण्याचं काम काचेखालच्या, मागच्या झाकणाच्या आणि चावीच्या गॅस्केटचं, म्हणजे पाणी रोखणाऱ्या रिंगांचं, असतं. बेझल त्या सगळ्याच्या बाहेर असते. म्हणून समुद्राचं पाणी, घाम, साबण, सनस्क्रीन आणि त्वचेचा मळ आत शिरतो आणि तिथेच सुकतो. मिठाचे खडे दात्यांत बसतात, सनस्क्रीनचा चिकटा धूळ धरून ठेवतो. कोकणातून आल्यावर घड्याळ नळाखाली धरलं नाही, नुसतं पुसून कपाटात ठेवलं, तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत हे व्हायचंच. त्यात स्टेनलेस स्टीललाही धोका असतो. अरुंद फटीत ऑक्सिजन कमी पोचतो आणि क्लोराइड साचतं, त्यामुळे ३१६एल स्टीललाही बेझलखाली बारीक खड्डे पडतात. वरून घड्याळ चकचकीत आणि खाली तपकिरी ठिपके.

तर पहिला उपाय भिजवण्याचा. चावी आट्यांची असेल तर ती पूर्ण बसलेली आहे ना ते पाहा. घड्याळ जुनं असेल आणि पाणी अडवण्याची चाचणी झालेली नसेल, तर आधी ती करून घ्या. घड्याळ आत्ता पाणी अडवत नसेल तर भिजवूच नका. चामड्याचा पट्टा काढा. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून घड्याळ २० ते ३० मिनिटं ठेवा. कोमट म्हणजे बोट आरामात राहील इतकंच. कढत पाणी गॅस्केटला चालत नाही. मग मऊ टूथब्रशने बेझलच्या कडेने घासत घासत ती जिथपर्यंत फिरेल तिथपर्यंत फिरवा, पुन्हा बुडवा, पुन्हा फिरवा. पहिल्या फेरीला बहुधा दोन-तीन खटकेच मिळतात. पाणी राखाडी होत गेलं की समजा काम चाललंय. फिरत नाही म्हणून पक्कड लावू नका. पकडीने दाते मोडतात, मीठ जागचं हलत नाही. तीन-चार वेळा भिजवूनही हलली नाही, तरच पुढचा विचार. मोकळी झाली तर साध्या पाण्याखाली दोन-तीन मिनिटं धरा आणि हवेवर वाळवा. डब्ल्यूडी-४० मारू नका. ते फटीतून कुठेही झिरपतं, काही रबरांना फुगवतं, आणि राहिलेला पातळ थर पुन्हा धूळ गोळा करतो.

काढायचीच वेळ आली, तर बेझल कशाने धरली आहे ते ओळखा. पाच ते दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि कडेने पूर्ण एक फेरी मारून बघा.

कडीच्या उभ्या कडेवर तीन-चार बारीक स्क्रू दिसत असतील, तर पातं बाजूला ठेवा. ब्राइटलिंगच्या अनेक घड्याळांची बेझल अशी धरलेली असते. हे स्क्रू आतल्या खाचेत टेकलेले असतात, त्यांना वरून पाचर मारली तर स्क्रूचं टोक खाचेची कड फाडतं. तोंडाला नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हर हवा, बहुधा ०.८ ते १ मिलिमीटरचा. सैल बसणारा घेतला तर पहिल्याच झटक्याला स्क्रूचं तोंड खाल्लं जातं. सहसा अर्धा ते एक आटा सैल केला की कडी वर उचलता येते, स्क्रू पूर्ण बाहेर काढायची गरज नसते. परत लावताना सगळे सारखे टेकवा आणि मग थोडे थोडे आवळा. एकच जास्त आवळला की बेझल एका ठिकाणी जड फिरते.

स्क्रू नसतील तर बेझल दाबून बसवलेली असते, आणि त्याचे दोन मुख्य प्रकार. पहिल्यात केसच्या मानेभोवती, म्हणजे काचेभोवती वर आलेल्या गोल कडेभोवती, रबराची रिंग असते आणि कडी तिच्यावरून चेपून पुढच्या कडेखाली अडकते. सेकोच्या डायव्हर घड्याळांत ही रचना भरपूर दिसते. दुसऱ्यात तारेची स्प्रिंग असते. रशियातल्या चिस्तोपोलच्या व्होस्तोक अँफिबियाची बेझल याचं सर्वांत साधं उदाहरण. तिच्यात खटकाच नाही. बेझलच्या आतल्या खाचेत वाकवलेली तार असते, तिचे कोपरे केसच्या मानेला पकडून ठेवतात आणि नुसत्या घर्षणावर ती दोन्ही बाजूंना फिरते. अँफिबियाची बेझल काढायला सोपी, सैल वाटली तर तारेचे कोपरे थोडे आत वाकवून घट्ट करता येते. शिकायला याहून चांगलं घड्याळ नाही.

तिसरी गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे चूक महागात पडते. जुन्या सबमरीनरमध्ये, ५५१३ आणि १६८० या मॉडेलांत, ॲक्रिलिकची काच एका वेगळ्या रिटेनिंग रिंगने दाबून धरलेली असते आणि फिरती बेझल त्या रिंगवर बसते. पातं जरा खोल गेलं की बेझलबरोबर ती रिंगही उचलली जाते, काच सैल होते आणि पाणी अडवण्याची सोय संपली. अशा घड्याळाला घरी हात लावू नका. दोन चाव्या असलेली घड्याळंही या चर्चेत नाहीत: त्यांत फिरती रिंग काचेच्या आत असते, बाहेरून काढण्यासारखं तिथे काही नसतंच.

आता दाबून बसवलेली बेझल काढायची रीत. पट्टा काढा, चावी घट्ट करा. लग आणि केसच्या बाजूंवर मास्किंग टेपचे दोन थर लावा, केसच्या कडेपर्यंत नीट चेपून. हत्यार म्हणून मागचं झाकण उघडायचं रुंद, बोथट धारेचं पातं चालतं. कागद कापायचं कटर चालत नाही: त्याचं पातं लवचिक असतं, अचानक तुटतं आणि दुसऱ्या हातात शिरतं. बाजारात तीन-चार पाचरींचं बेझल काढायचं साधन मिळतं, ते सगळ्या बाजूंनी सारखं उचलतं म्हणून जास्त सुरक्षित. पण त्याच्या पाचरी फटीत नेमक्या बसल्या नाहीत तर तेही केसला चावतं.

कुठून सुरुवात करायची हे फट सांगते. काही घड्याळांत केसवर किंवा बेझलखाली एक छोटी खाच मुद्दाम ठेवलेली असते; ती दिसली तर तीच जागा. नसेल तर दोन लगांमधली, बारा किंवा सहाची बाजू बघा, तिथे पातं शिरायला आणि मनगट टेकायला जागा असते. चावीच्या बाजूने सुरुवात करू नका. पात्याची सपाट बाजू केसकडे आणि उतरती बाजू बेझलकडे ठेवा. अंगठा पात्याच्या टोकाजवळ टेकवा, म्हणजे निसटलं तरी ते फार पुढे जाणार नाही. एक मिलिमीटरपेक्षा जास्त आत ढकलू नका. त्याच्या पुढे खटक्याची स्प्रिंग आणि काचेची भिंत असते. मग पातं खालून वर उचकटू नका, फक्त स्वतःभोवती थोडं पिळा. उचकटताना पात्याचा टेकू केसच्या कडेवर पडतो आणि तिथे खड्डा राहतो. पिळताना जोर दोन्ही कडांच्या मध्ये राहतो.

अर्ध्या मिलिमीटरची फट उघडली की दुसरी पाचर साठ-सत्तर अंश पुढे सरकवा, मग तिसरी. एकाच जागेवरून बेझल उचलून काढायचा मोह होतो, पण त्याने कडी तिरकी होऊन काचेच्या कडेला टेकते. खनिज काच तिथेच टवकते, नीलम काचही कडेला नाजूकच. शेवटचा टप्पा पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करा. स्प्रिंगवरचा खिळा किंवा छर्रा असेल तर तो बेझल सुटताक्षणी उडतो, पिशवीत असला की सापडतो.

बेझल सुटली की काहीही पुसण्याआधी फोटो काढा. स्प्रिंगची रिंग कोणत्या बाजूने होती, जिभा कोणत्या दिशेला तोंड करून होत्या, रबराची रिंग सपाट होती की वळलेली, हे नंतर आठवत नाही. मग चिमट्याने स्प्रिंग उचला, लाकडी टोकदार काडीने दाते खरवडा, सगळं कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन घ्या. जिभा बोथट किंवा सपाट झाल्या असतील तर एकदा हलक्या हाताने वर वळवता येतात. पुन्हा पुन्हा वळवल्या तर मुळाशी तडकतात. रबराची रिंग चपटी, कडक किंवा चिरलेली असेल तर बदला. अंदाजे जुळणारी रिंग बसवण्याआधी तिची जाडी कॅलिपरने मोजा: ०.१ मिलिमीटर जाड निघाली तरी बेझल जड फिरते, पातळ निघाली तर सैल होऊन सुटू शकते.

इन्सर्ट बदलायचा असेल तर जुना इन्सर्ट बेझल घड्याळापासून वेगळी असतानाच काढा. घड्याळावर असतानाही ॲल्युमिनियमची पट्टी आतल्या कडेने उचलता येते, पण ती वाकते. वाकलेली पट्टी परत सरळ दिसत नाही. म्हणून जुनी पट्टी वाया गेली असंच धरा. जुन्या चांगल्या घड्याळाची मूळ पट्टी जपायची असेल तर कडी वेगळी करून हेअर ड्रायरने हळूहळू गरम करा आणि पट्टी खालून, सगळ्या बाजूंनी ढकला. गोंदाचे अवशेष आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढा. ॲसिटोन फक्त सुट्या, रंग नसलेल्या धातूच्या कडीवर. ॲक्रिलिक काच, प्लास्टिक किंवा रंगवलेल्या भागाजवळ त्याची बाटलीही उघडू नका.

सिरॅमिक बसवता येतं, पण त्यासाठी मापं जुळली पाहिजेत आणि सिरॅमिक माफ करत नाही. ॲल्युमिनियम थोडं दबून बसतं, सिरॅमिक दबत नाही. घट्ट खाचेत ढकललं की बसतं खरं, पण नंतरच्या एखाद्या आपटण्याने किंवा तापमानाच्या फरकाने तडा जातो. बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि खाचेची खोली, तिन्ही मोजा. सेको एसकेएक्स००७साठीच्या पट्ट्या सुमारे ३८ मिलिमीटर बाहेरून आणि ३१.५ आतून अशा मापात विकल्या जातात, तरी तुमची कडी मोजल्याशिवाय मागवू नका. बाजारात सपाट आणि उतरत्या अशा दोन आकारांच्या पट्ट्या येतात. उतरती पट्टी सपाट खाचेत काचेपेक्षा वर निघू शकते.

चिकटवायला मापात कापलेली, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप सर्वांत बरी, कारण पुढच्या वेळी काढता येते. फेविक्विकसारखा गोंद वापरू नका. त्याच्या वाफांनी काच आणि गडद पट्टी यांवर पांढरट धुकं बसतं, शिवाय पुन्हा काढताना सिरॅमिक हमखास फुटतं.

पण टेप लावण्याआधी कडी केसवर बसवा. स्प्रिंग फोटोप्रमाणे ठेवा, रबराच्या रिंगवर सिलिकॉन ग्रीसचा इतका पातळ थर द्या की फक्त चमक दिसेल. दात्यांत ग्रीस भरू नका, नाहीतर खटका मेल्यासारखा होतो आणि धूळ साचते. कडी सरळ ठेवून दोन्ही अंगठ्यांनी समोरासमोर दाबा, मग पाव फेरी फिरवून पुन्हा. दाबायचा प्रेस वापरत असाल तर त्याची डाय, म्हणजे कडीवर टेकणारा ठोकळा, पोकळ हवी, तिचा भार कडीवर पडला पाहिजे. काच कडीपेक्षा उंच असेल आणि डाय सपाट असेल, तर सगळा दाब काचेवर जातो. बसताना ठळक आवाज येतो. नंतर फिरवून पाहा: काट्यांच्या उलट दिशेला मोजून १२० किंवा ६० खटके, आणि दुसऱ्या दिशेला हलता कामा नये. काट्यांच्या दिशेने फिरत असेल तर स्प्रिंग उलटी बसली आहे. खटके पूर्ण येतात पण बोटाखाली एकच जागा जड लागते, तर रबराची रिंग तिथे दुमडली आहे, पुन्हा काढा.

शेवटी पट्टी जुळवायची. बेझल एका खटक्यावर स्थिर करा आणि किंचित मागे दाबून तिची ढिलाई एका बाजूला न्या, कारण ती वापरताना तिथेच टेकते. चावी ओढून मिनिटकाटा बरोबर बारावर आणा. टेपचा वरचा कागद काढून पट्टी हलकेच ठेवा, डोळा काचेच्या बरोबर वर आणून त्रिकोण, मिनिटकाटा आणि तबकडीवरची बाराची खूण एका रेषेत आणा, मग दाबा. कारखान्यातून आलेल्या घड्याळाची पट्टी अर्धा खटका चुकलेली असेल, तर ती चूक इथेच सुधारते. कडी फिरवून ती सुधारत नाही, कारण दाते तिला परत जुन्याच जागी आणतात. घड्याळ २४ तास कोरडं ठेवा.

१९६०च्या आधीच्या घड्याळांबाबत वेगळी सूचना. त्यांच्या तबकडीवर, काट्यांवर आणि कधी बेझलच्या ठिपक्यातही रेडियमचा चमकणारा लेप असू शकतो. तो आता चमकत नाही, पण किरणोत्सर्ग चालूच असतो. अशा बेझलवरचा ठिपका खरवडू नका, फुंकर मारू नका, घरी घासू नका. ते घड्याळ रेडियम हाताळणाऱ्या कारागिराकडेच द्या.

काम करताना काचेला पातं लागल्याची शंका असेल, किंवा काचेभोवतीची रिंग हलली असेल, तर घड्याळ पाण्यात नेण्याआधी दाबाची कोरडी चाचणी करून घ्या. तिच्यासाठी घड्याळ उघडावं लागत नाही, आणि ती चाचणी पुन्हा मालवणला जाण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी करा, म्हणजे गॅस्केट बदलायची वेळ आली तर हातात दिवस असतील.